जुने ‘ट्रॉब’ विकत घेताना

जुने यंत्र विकत घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तो बाजाराचा प्रश्न आहे, कारखानदाराचा आहे, फार तर कर्ज देणाऱ्या बँकेचा आहे, असे आपण धरून चालतो. माझे मत वेगळे आहे. हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे आणि तोही बहुतांशी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या पदार्थविज्ञानाचा. लघुतम माप, तरफ, हूकचा नियम, उष्णतेने होणारे प्रसरण, सरासरी आणि विस्तार एवढी शिदोरी ज्याच्यापाशी आहे, त्याला जुने यंत्र पारखता यायला हवे. ते येत नाही, कारण ही शिदोरी आपण परीक्षेच्या दिवसापुरतीच बांधून देतो.

मी ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे त्याचे पुस्तकी नाव ऑटोमॅटिक स्क्रू मशीन. आपल्याकडे भोसरीच्या किंवा सातपूरच्या शेडमध्ये गेलात तर पुष्कळ ठिकाणी त्याला नुसते ‘ट्रॉब’ म्हणतात. ट्रॉब हे खरे म्हणजे एका जर्मन कंपनीचे नाव; पण कुठल्याही वनस्पती तुपाला जसे डालडा म्हणत, तसेच हे झाले. या यंत्रात मागच्या बाजूने लांबच लांब धातूची सळई घालायची. तिला ‘बार’ म्हणतात. स्पिंडल नावाच्या पोकळ आसात ती सळई घट्ट धरली जाते आणि गरगर फिरते. मग एकामागून एक हत्यारे पुढे येतात. एक जाडी कमी करते, एक भोक पाडते, एक आटे पाडते आणि शेवटचे हत्यार तयार झालेला भाग कापून खाली पाडते. लगेच सळई थोडी पुढे सरकते आणि पुन्हा तेच. माणसाने फक्त सळई संपली की नवी घालायची, हत्यारांच्या धारेवर आणि मापावर लक्ष ठेवायचे.

हे सगळे ज्याच्या जोरावर चालते तो भाग म्हणजे कॅम. एका फिरत्या आसावर वेड्यावाकड्या कडेच्या लोखंडी चकत्या बसवलेल्या असतात. चकतीच्या कडेवर एक लहान चाक टेकलेले असते. कड वर आली की चाक उचलले जाते, त्याला जोडलेली तरफ हलते आणि हत्यार पुढे सरकते. कड खाली गेली की हत्यार मागे येते. कॅमच्या आसाचा एक फेरा म्हणजे बहुधा एक तयार नग. चकतीच्या कडेचा आकार हीच यंत्राला दिलेली आज्ञा. आजच्या भाषेत सांगायचे तर हा लोखंडात कापलेला प्रोग्रॅम आहे.

ही कल्पना अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या ख्रिस्तोफर स्पेन्सर याची. १८७३ साली त्याला आपल्या स्वयंचलित लेथचे पेटंट मिळाले. त्याने एका पिंपावर वाकवलेल्या पट्ट्या बसवून हत्यारांना चालवले. कामगार या पिंपाला ‘मेंदूचे चाक’ म्हणत. गमतीची गोष्ट अशी, की पेटंटात नेमके हे चाकच नीट सुरक्षित केले गेले नाही, आणि इतर कारखानदारांनी ते मोकळेपणाने उचलले. याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांचे बारीक स्क्रू करण्यासाठी निराळ्या धाटणीचे यंत्र तयार झाले. त्यात हत्याराऐवजी सळईच पुढे-मागे सरकते आणि हत्यार ज्या ठिकाणी कापते त्याच्या अगदी शेजारी तिला एका बुशचा आधार असतो. का, ते समजायला सोपे आहे. एका टोकाला धरलेली दांडी दुसऱ्या टोकावर दाबली तर ती किती वाकेल, हे लांबीच्या घनावर अवलंबून असते. लांबी दुप्पट झाली की वाकणे आठपट. सुईएवढ्या जाडीच्या सळईला आधारापासून दूर कापायला जाल तर ती हत्यारासमोरून पळ काढील.

नावात ‘स्क्रू’ असले तरी आज बाजारातले बहुतेक साधे स्क्रू या यंत्रावर होत नाहीत. ते तारेचा तुकडा ठोकून आणि आटे लाटून करतात, त्यात धातू वाया जात नाही. आपल्या यंत्राकडे उरले ते कातीव भाग: विजेच्या प्लगच्या पितळी पिना, गॅसच्या शेगडीचे जेट, नळ्यांचे जोड, व्हॉल्वचे तुकडे. गुजरातेतील जामनगरचा पितळी भागांचा धंदा अशाच यंत्रांवर वाढला, आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर या बाजूंच्या कित्येक लहान शेडमध्ये वापरलेली यंत्रे आजही एका हातातून दुसऱ्या हातात जात असतात.

आता खरेदीकडे येऊ. पहिली गोष्ट यंत्र पाहणे नव्हे. आपल्याला कोणता भाग करायचा आहे त्याचे रेखाचित्र पाहणे ही पहिली गोष्ट. सळई किती जाडीची, मापात चालणारी तफावत किती, नग किती. ट्रॉबच्या ए-२५, ए-४२, ए-६० या नावांतले आकडे सळईची जास्तीत जास्त जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. ५ मिमीचा भाग करण्यासाठी ६० मिमीचे यंत्र स्वस्त मिळते म्हणून घेणे, हा स्वस्तपणा नव्हे. मोठा स्पिंडल जोरात फिरत नाही. ८ मिमीच्या पितळी सळईची कड मिनिटाला १०० मीटर वेगाने हत्यारासमोरून जावी असे वाटत असेल, तर स्पिंडलला मिनिटाला सुमारे ४००० फेरे हवेत. पाय गुणिले व्यास गुणिले फेरे, एवढेच गणित आहे, करून पहा.

त्यानंतर यंत्राजवळ जावे. ते बंद असताना आणि विजेचा मुख्य खटका काढलेला असतानाच हात लावावा. सळई मागून जिथे फिरते तिथली नळी आणि पुढची झाकणे जागेवर आहेत का, ते आधी पाहावे. उघडी सळई थोडी जरी वाकडी असली तरी वेगात ती चाबकासारखी फिरते. वेग दुप्पट झाला की बाहेर ओढणारे बल चौपट होते. ज्या विक्रेत्याने झाकणे काढून फेकली आहेत, त्याने आत आणखी काय काय केले असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

स्पिंडलची परीक्षा हा या सगळ्यातला सर्वांत गोड भाग आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सळई धरणाऱ्या चिमट्याला कॉलेट म्हणतात. त्यात एक घासून अचूक केलेली दांडी धरावी, तिच्यावर डायल गेजची टोचणी टेकवावी आणि स्पिंडल हाताने हळूहळू फिरवावा. काटा हलला, समजा ०.०४ मिमी. दोष कोणाचा? दांडी वाकडी असेल, कॉलेट झिजले असेल, नाहीतर स्पिंडलच बिघडला असेल. एका आकड्यात तीन संशयित दडले आहेत. मग काय करायचे? दांडीवर खडूने खूण करावी, ती कॉलेटमध्ये अर्धा फेरा वळवून पुन्हा धरावी. उंच जागा खुणेबरोबर फिरली तर दांडी दोषी. ती स्पिंडलबरोबरच राहिली तर कॉलेट काढून ठेवावे आणि स्पिंडलच्या आतल्या निमुळत्या भागावरच टोचणी टेकवावी. तिथे काटा स्थिर असेल तर दोष कॉलेटचा, म्हणजे थोडक्या पैशात सुटणारा.

आणि इथे एक बारकावा आहे, जो बाजारात पाहणी करणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसतो. कॉलेटने सळई थोडी बाजूला धरली तरी कापलेला भाग गोलच होतो, कारण हत्यार कापते ते स्पिंडल ज्या अक्षाभोवती फिरतो त्या अक्षाला धरून. न कापलेली बाहेरची बाजू आणि कापलेली बाजू एकाच मध्यावर हव्या असतील तेवढ्यापुरताच हा दोष नडतो. खरा शत्रू आहे बेअरिंगमधला ढिलेपणा, ज्याला शेडमध्ये ‘प्ले’ म्हणतात. तेव्हा काटा हलला म्हणून घाबरून चांगले यंत्र सोडू नये, आणि काटा हलला नाही म्हणून ढिले यंत्र घेऊ नये.

ढिलेपणा मोजायला माझ्या मते शाळेतला स्प्रिंगकाटा पुरतो. दांडीला दोरी बांधून स्प्रिंगकाट्याने वर ओढावे: ५ किलो, १०, १५, २०. प्रत्येक वेळी डायल गेजचा आकडा लिहावा आणि आलेख काढावा. धातू थोडासा ताणला-वाकला जातो तो हूकच्या नियमाने, म्हणजे बलाच्या प्रमाणात. तिथे आलेख सरळ रेषा. पण बेअरिंग ढिले असेल तर सुरुवातीलाच, स्पिंडलचे वजन उचलले जाताच, काटा एकदम उडी घेतो आणि मग सरळ रेषा सुरू होते. ती रेषा मागे वाढवली तर आरंभबिंदूतून जात नाही. जेवढी चुकते तेवढा ढिलेपणा. नववीच्या मुलालाही हा आलेख काढता येईल, आणि त्याच्यावर लाखभर रुपयांचा निर्णय घेता येईल.

सरकणाऱ्या पट्ट्यांची, म्हणजे हत्यारे वाहून नेणाऱ्या स्लाइडची, झीज ओळखण्याची युक्तीही अशीच साधी आहे. कॅमवरचे हत्यार वर्षानुवर्षे त्याच चार-पाच मिलिमीटरमध्ये पुढे-मागे करीत असते. झीज साहजिकच तेवढ्याच जागी होते. ढिलाई काढण्यासाठी बाजूला एक पाचरीसारखी पट्टी असते, तिला गिब म्हणतात. ती इतकी आवळावी, की झिजलेल्या जागी स्लाइड नीट बसेल. मग स्लाइड हाताने तिच्या नेहमीच्या जागेबाहेर ढकलून पाहावी. तिथे ती अडकली, तर झीज असमान आहे आणि नुसत्या आवळण्याने ती जाणार नाही.

या साऱ्या परीक्षा बंद यंत्राच्या. शेवटची परीक्षा चालत्या यंत्राची, आणि ती करू न देणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र अर्धा तास चालवून गरम होऊ द्यावे. २०० मिमी लांबीचे पोलाद २० अंशांनी तापले तर सुमारे ०.०५ मिमीने वाढते, म्हणून थंड यंत्रावर काढलेला नग काहीच सिद्ध करीत नाही. मग ओळीने ५० नग काढावेत, क्रमाने मांडावेत, प्रत्येकाची जाडी मायक्रोमीटरने मोजावी आणि क्रमांकासमोर माप असा आलेख काढावा. सगळी मापे एका बाजूला हळूहळू सरकत असतील तर हत्यार झिजते आहे किंवा यंत्र अजून तापते आहे. दोन्हींवर उपाय आहे. मापे कुठलाही क्रम न ठेवता वर-खाली उडत असतील तर कुठेतरी ढिलेपणा आहे. सहा स्पिंडलच्या मोठ्या यंत्रावर दर सहावा नग चुकत असेल, तर सहांपैकी एक स्पिंडल आजारी आहे आणि तो कोणता हेही मोजून सांगता येते. आलेख बोलतो तो असा. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट या पदार्थवैज्ञानिकाने कारखान्यातल्या मापांचे असे आलेख काढण्याची पद्धत मांडली, आणि १९४७-४८ मध्ये तो भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून आपल्या देशातही येऊन गेला. पंचाहत्तरहून अधिक वर्षे झाली. आपल्या लहान शेडमध्ये मात्र अजून ‘दोन-चार नग बघून घ्या साहेब’ हेच चालते.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेला एक मुलगा माझ्याकडे आला. घरातले दागिने गहाण ठेवून तो एक जुने यंत्र घेणार होता. ‘सर, फक्त बघायला चला,’ एवढेच त्याचे म्हणणे. यंत्र हिरव्यागार रंगात चकाकत होते. मालक म्हणाला, ‘रंग बघा, आवाज बघा, लोण्यासारखे चालते.’ आवाज खरोखर चांगला होता. स्पिंडलही बरा निघाला. पण गिब आवळताच स्लाइड दोन्ही टोकांना अडकू लागली, आणि ५० नगांमध्ये सर्वांत जाड व सर्वांत बारीक यांतला फरक ०.०६ मिमी भरला. मुलाला ज्या भागाचे काम मिळणार होते त्याला एकूण ०.०४ मिमीच तफावत चालणार होती. मी त्याला ‘घेऊ नको’ म्हटले नाही. आलेख त्याच्याच हातात होता. त्याने तो मालकासमोर धरला, मालकाने किंमत बरीच उतरवली, तरीही स्लाइड दुरुस्त करून घेण्याचा खर्च मिळवून हिशेब जमेना. पुढे दोन-तीन महिन्यांनी बंद पडत असलेल्या एका शेडमधले, तेलाने काळे झालेले, रंग उडालेले यंत्र त्याने घेतले. त्याच्या ५० नगांचा विस्तार ०.०२ मिमी होता. दागिने सोडवायला त्याला दोन वर्षे लागली.

यंत्राबरोबर काय मिळते हेही मोजावे. कॅमचा आस किती वेगाने फिरवायचा ते बदली गिअर ठरवतात. त्यांचा पूर्ण संच नसेल तर ठरावीक एक-दोन वेगांवरच समाधान मानावे लागते. कॉलेट, जुने कॅम, माहितीपुस्तिका यांचीही किंमत धरावी. अमेरिकेतून आलेल्या यंत्राची मोटर ६० हर्ट्झची असते. आपल्याकडे वारंवारता ५० हर्ट्झ. तीच मोटर इथे मिनिटाला १७५० ऐवजी सुमारे १४५८ फेरे घेईल, आणि तिच्यावर चालणारे सारे यंत्र सहाव्या हिश्श्याने मंदावेल. तिकडे तासाला ६०० नग देणारे यंत्र इथे ५०० देईल. विक्रेता अर्थातच ६०० चा आकडा सांगतो.

जुन्या यंत्राच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोन्ही पक्ष मला सारखेच आळशी वाटतात. एक पक्ष म्हणतो, जुने ते सोने, तसले बीड आता कुठे मिळते. बीड चांगले असेलही, पण झिजलेली पट्टी आजोबांच्या पुण्याईने भरून येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, आता संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली, कॅमची यंत्रे भंगारात घाला. हेही अर्धवट आहे. रोज नवा भाग करायचा असेल तर सीएनसीला तोड नाही. तिथे चार ओळी बदलल्या की काम झाले, इथे नवी चकती कापून घ्यावी लागते आणि जुळवणीत अख्खा दिवस जातो. परंतु एकच साधा भाग महिनोन् महिने, लाखांच्या संख्येने काढायचा असेल तर चांगल्या स्थितीतले कॅमचे यंत्र अजूनही पोट भरते. सहा सेकंदांना एक नग म्हणजे आठ तासांत ४८००; पाचवा हिस्सा सळई बदलण्यात आणि धार लावण्यात गेला असे धरले तरी ३८४० उरतात. तेवढ्याच भांडवलात नवे सीएनसी येत नाही, हे शेडमधल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही.

मात्र एक अट मी या हिशेबात नेहमी घालतो. कॅम काढणारा आणि यंत्र जुळवणारा माणूस जवळपास आहे का? अशी माणसे आता वयस्कर झाली आहेत आणि त्यांच्या जागी येणारे थोडे आहेत. तो माणूस नसेल तर यंत्राची किंमत म्हणजे त्याचे वजन गुणिले भंगाराचा भाव. घासाघीस करताना हा तळाचा आकडा आधीच काढून खिशात ठेवावा.

शिक्षकांसाठी एक सूचना. प्रयोगशाळेत मायक्रोमीटर देऊन एकाच तारेची जाडी पाच वेळा मोजायला लावणे आणि सरासरी काढणे, यातून मुलांना मापनाचा उपयोग कळत नाही. उत्तर आधीच ठाऊक असते. त्याऐवजी विजेच्या सामानाच्या दुकानातून एकाच बनावटीचे, गोल पिनांचे, न जोडलेले २५ नवे थ्री-पिन प्लग एका दिवसापुरते मागून आणावेत. प्रत्येकाच्या दोन सारख्या पिना मोजल्या की ५० आकडे होतात. ०.०१ मिमी लघुतम मापाचा मायक्रोमीटर पुरे. एका मुलाने मोजावे, दुसऱ्याने न पाहता पुन्हा मोजावे, म्हणजे यंत्राची तफावत किती आणि मोजणाऱ्याची किती हे वेगळे करता येईल. मग दुसऱ्या बनावटीचे २५ प्लग आणून तेच करावे. दोन्ही विस्तार शेजारी शेजारी मांडून वर्गाला विचारावे, की यांतल्या कोणत्या शेडमधले यंत्र तुम्ही विकत घ्याल. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की प्लगच्या खोक्यात पिना कोणत्या क्रमाने कापल्या गेल्या तो क्रम हरवलेला असतो. त्यामुळे विस्तार कळेल, पण तो हत्यार झिजल्यामुळे आहे की ढिलेपणामुळे, हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी शेडमध्येच जावे लागेल.